प्रेक्षकांतून आलेला खो

पाच वर्षांत आमचा संघ एकही सामना जिंकला नव्हता. एकही म्हणजे एकही नाही. लंडनला विमानानं जाऊन हरलो, म्युनिकला बसनं जाऊन हरलो, आणि ब्रसेल्स तर इतकं जवळ की सकाळी डबे घेऊन गेलो, हरलो, आणि संध्याकाळच्या चहाला घरी. नाव मात्र भारदस्त: नेदरलँड्सचा मुलींचा खो-खो संघ. प्रत्यक्षात रायस्वाइक, द हेग आणि डीमनमधल्या मोजून बारा पोरी. पाटीवर उतरायलाच नऊ लागतात, म्हणजे राखीव तीन. त्यातल्या एकीचा गुडघा कायम दुखायचा.

हा उद्योग मी सुरू केला होता, त्यामुळे दोष कुणाला देणार? मिरजेकडच्या आमच्या गावात मी कॉलेज संपेपर्यंत खो-खो खेळले, जिल्ह्याकडून खेळले, एकदा राज्याच्या संघाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मग लग्न झालं. नवरा आइंडहोवनला चिपच्या मशीनवर काम करायला निघाला आणि मी त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर इकडे आले. डिपेंडंट. तो शब्द पासपोर्टात बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पुढं आम्ही रायस्वाइकला राहायला आलो, आणि लेक माध्यमिक शाळेत जायला लागली तेव्हा मी तिथल्या एका शाळेचा जिम हॉल रविवारी दोन तास भाड्यानं घेतला आणि ओळखीच्या बायकांना सांगितलं, पोरी पाठवा. पोरी आल्या. खुंट रोवायला जमीन नव्हती म्हणून व्हॉलिबॉलचे खांब वापरले, पट्ट्या चिकटवून पाटी आखली, आणि दर रविवारी त्या पट्ट्या काढताना हॉलच्या रखवालदाराची बोलणी खाल्ली.

खो-खो ठाऊक नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. आठ जणी रांगेत उकिडव्या बसतात, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे लागते. तिनं बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हटलं की बसलेली उठून पाठलाग करते आणि ही तिच्या जागी बसते. खो मिळायच्या आत उठलं तर फाऊल. फाऊल झाला की उलट्या दिशेनं जायचं, आणि हाताशी आलेला गडी पळून जातो.

आता आमच्या रविवारी नऊ पोरी कधी जमायच्याच नाहीत. एकीची हॉकी, एकीकडे आजी आलेली, एकीचा वाढदिवस, एक नुसतीच झोपलेली. सहा आल्या तर मी देवाला हात जोडायची. मग ज्या बसलेल्या असत त्यांना मागून खो द्यायला कुणी उरायचंच नाही. तेव्हा मी बाजूला उभी राहून ओरडायची, "खो!", की ती पोरगी सुसाट उठायची. दुसरीकडे तोंड करून ओरडले की दुसरी उठायची. अशी पाच वर्षं. माझा आवाज असा आहे की आमच्या गल्लीतल्या डच म्हाताऱ्या कुत्री फिरवायची वेळ बदलतात. पोरी त्या आवाजावर इतक्या तयार झाल्या की मला त्याचा अभिमान होता. मूर्ख बाई मी.

लेक संघाची कॅप्टन. सतरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरातली रीत. भांडतानासुद्धा हेच. फक्त रविवारी हॉलमध्ये आमची भाषा एक असायची, कारण तिथं खो, खुंट, पाटी आणि पळ याशिवाय फारसं काही बोलावंच लागत नाही.

त्या वर्षीच्या वसंतात जेवताना तिनं सांगितलं की ती सप्टेंबरात पार उत्तरेला ग्रोनिंगेनला शिकायला जाणार आणि खो-खो बंद. जगभरातल्या शाळकरी मुलांच्या क्रीडास्पर्धा जूनमध्ये आपल्याकडेच द हेगला आहेत, तेवढ्या खेळणार, बस. मी म्हटलं, बरं. वर वर बरं. मग तिनं काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "पदक नको मला. एक सामना जिंकायचाय. नाहीतर इतके रविवार मी काय केलं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके रविवार तिनं काय केलं याचं उत्तर द्यायची जबाबदारी माझीच होती ना! माझ्या हौसेपायी मी तिला हॉकीच्या मैदानावरून उचलून आणलं होतं. शाळेत पोरं विचारायची, तू राष्ट्रीय खेळाडू आहेस ना, काय खेळतेस, पकडापकडी? ती हे सगळं गिळून दर रविवारी येत राहिली. तिला एक विजय मिळवून द्यायचा होता. एक. तीन सामने होते हातात.

स्पर्धेचा एक नियम होता: स्वतःची मुलगी संघात असेल तर आईबापांनी प्रशिक्षक म्हणून बाकावर बसायचं नाही. त्यामुळे कागदावर आमचे प्रशिक्षक होते एका शाळेचे डच पीटी मास्तर. गोड माणूस, सहा फूट चार इंच, आणि खो-खो शिकला होता आमच्याच व्हिडिओंवरून. मी प्रेक्षकांत. मला दोरीनं बांधून घातलं असतं तरी इतकं अवघड गेलं नसतं.

प्रेक्षक म्हणजे तरी कोण? पोरींचे आईबाप, काही धाकटी भावंडं, आणि माझी डीमनची मैत्रीण, जिच्या दोन्ही मुली संघात होत्या. ती ट्रेननं मोठी पिशवी घेऊन आली. आत गणपतीच्या मिरवणुकीतले भगवे फेटे. या देशाच्या संघाचा रंग नारिंगी, त्यामुळे ते आयतेच कामी आले. पस्तीस माणसं फेटे बांधून "हुप, हुप" असा इथला जयघोष करतायत, हे बघायला बाजूच्या कोर्टावरचे बॅडमिंटनवाले येऊन उभे राहिले. ढोल आणला असता, पण हॉलवाल्यांनी आधीच नाही म्हणून कळवलं होतं.

पहिला सामना भारताशी. त्याबद्दल काय बोलायचं? त्या पोरी पळत नव्हत्या, वाहत होत्या. आमच्यातल्या एका बाबांनी तिकडच्या मुलीनं खुंटावर मारलेल्या सुराला टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून कॉफी आणायला गेले ते मध्यंतरानंतर आले. पासपोर्ट बदलून आम्हाला चार वर्षं झाली होती. पोटातलं काय काय बदललं ते कोण सांगणार, पण त्या तीन दिवसांत माझा देश ठरलेला होता. माझ्या बारा पोरी एवढाच माझा देश होता, आणि तो डावानं हरला.

दुसऱ्या दिवशी जर्मनी. हा सामना हातातला होता. त्यांच्या संघातही निम्म्या आपल्याकडच्याच मुली, त्याही आमच्यासारख्याच जिममध्ये तयार झालेल्या. सुरुवातीपासून गुण पाठोपाठ चालले. त्यांनी चार बाद केल्या की आम्ही चार, त्यांनी तीन की आम्ही तीन. पोह्यांचे डबे उघडले गेले नाहीत. नवरा, जो एरवी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही, तो उभा राहून एका हातानं फोनवर शूटिंग करत होता आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरून होता. दंडावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते, ते मला घरी दिसले.

शेवटची पाळी आमच्या पाठलागाची. घड्याळात वीस सेकंद असताना आमच्या उंच पोरीनं एकीला खुंटावर टिपलं आणि गुण बरोबरीत आले. आता आणखी एक गडी बाद, की विजय. पाटीवर जर्मनीची एकच मुलगी पुढं होती आणि ती दमली होती. दमलेला पळणारा मला शंभर फुटांवरून कळतो, खांदे आधी पडतात. ती रांगेच्या मध्याकडे वळली. तिथं माझी लेक बसलेली, तोंड तिच्याच बाजूला. आमची उंच पोरगी मागून धावत येत होती, दोन पावलांवर होती, पोचणार होती, देणारच होती.

आणि मी ओरडले.

मी ठरवून ओरडले नाही. देवाशप्पथ सांगते, तोंड उघडलंय हे मला आवाज ऐकूनच कळलं. "खो!" पस्तीस माणसांच्या वर, हॉलच्या छताला लागून तो परत आला. आणि माझी लेक उठली. पाठीला हात लागायच्या आधी एक पाऊल. पाच वर्षं उठत आली तशी, विचार न करता, सुसाट. तिनं त्या मुलीला शिवलंसुद्धा.

पंचाची तुटक शिट्टी. फाऊल. गडी नाबाद, उलट्या दिशेनं जा. लेक वळेपर्यंत वेळ संपली.

बरोबरी. आणि मग जे झालं ते मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. आमचे लोक नाचायला लागले. पाच वर्षांत पहिल्यांदा आम्ही हरलो नव्हतो! फेटे उडाले. डीमनची मैत्रीण रडत माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, सगळं तुझ्यामुळे झालं गं. कॉफीवाले बाबा पाया पडायचेच बाकी होते. त्या गोंगाटात माझं ओरडणं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, सगळेच ओरडत होते. मी सगळ्यांच्या मिठ्या घेतल्या. हसले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं, आणि मी हसत होते.

खाली पाटीवर उंच पोरगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मास्तर तिच्यापाशी ओणवे झाले. तिला वाटत होतं तिचाच हात उशिरा लागला. तेव्हा माझी लेक पुढं झाली आणि डचमध्ये स्पष्ट म्हणाली, चूक माझी, मी घाईनं उठले. एवढंच म्हणाली. मी कठड्यापाशीच उभी होते, चार हातांवर. मला तेव्हाच सांगता आलं असतं. खाली उतरून, सगळ्यांसमोर, की पोरींनो, हा माझा गाढवपणा. मी नाही सांगितलं. माझी जीभ, जी नको तेव्हा धावते, ती तेव्हा टाळ्याला चिकटून बसली. लेकीनं वर बघितलंही नाही.

ट्राममध्ये ती दुसऱ्या डब्यात पोरींबरोबर बसली. घरी आल्यावर नवऱ्यानं कौतुकानं व्हिडिओ लावला, आणि त्यात सगळं होतं. फोन माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. माझा "खो" इतका स्वच्छ की शेजारच्या घरात कळावा. नवऱ्यानं व्हिडिओ थांबवला. पुन्हा लावला नाही. फोन टेबलावर पालथा ठेवून तो गॅलरीत गेला.

मी लेकीच्या दारावर टकटक केली. ती पलंगावर पाय पसरून बसली होती, घोट्यावर बर्फाची पिशवी. मी म्हटलं, माझं चुकलं. मी उद्या मास्तरांना सांगते, त्या उंच मुलीच्या घरी फोन करते, सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, कुणालाही काही सांगू नको, उद्या इंग्लंड आहे, पोरींच्या डोक्यात काही घालू नको. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं, भांडायची मला सवय आहे. मग ती पिशवी नीट करत म्हणाली, "उद्या येऊ नकोस, आई."

हे मात्र तिनं मराठीत सांगितलं. मला नीट कळावं म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशी नवरा आणि लेक सकाळी निघाले. मी डबे भरून दिले आणि दार लावलं. भांडी घासली. धुतलेली भांडी परत घासली. अकराला सामना. पावणेअकराला मी टेबलापाशी बसून स्वतःला बजावत होते, की बाई, आयुष्यात एकदा तरी कुणीतरी सांगितलेलं ऐक. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी सायकलवर होते.

आत जायचं नाही, एवढं पक्कं होतं. हॉलच्या मागच्या अंगाला सायकल स्टँड आहे आणि तिथलं आपत्कालीन दार उन्हाळ्यात विटेच्या आधारानं किंचित उघडं ठेवतात. त्या फटीतून फक्त हॉलची पिवळी भिंत दिसते. पण ऐकू सगळं येतं. मी दोन सायकलींच्या मध्ये उभी राहिले आणि हातरुमालाचा बोळा तोंडात धरला. खरंच धरला. वारा असा होता की डोळ्यांत पाणी आलं तर वाऱ्यावर ढकलता आलं असतं.

गडी बाद झाला की पंचाची एक आखूड शिट्टी होते. मी बोटांवर मोजायला लागले, तर लक्षात आलं की मी उशिरा आलेय आणि पाठलाग कुणाचा चाललाय हेच मला ठाऊक नाही. शिट्टी झाली की आनंद करायचा की कपाळाला हात लावायचा? चार शिट्ट्या मी तशाच सोसल्या. मग "खो" ऐकू आला, तीक्ष्ण, शेवट वर उचललेला. तो आमच्या उंच पोरीचा. त्यामागून घोगरा, तो डीमनच्या थोरलीचा. बाराही पोरींचा खो मी झोपेत ओळखीन. म्हणजे आमचा पाठलाग होता, म्हणजे शिट्ट्या आमच्या होत्या. मी सायकलच्या हँडलला इतकं घट्ट धरलं की तिची घंटा वाजली आणि मी दचकून मागे सरले.

मग त्यांची पाळी. इंग्लंडच्या पोरींचे खो ऐकत मी एकेक शिट्टी मोजत होते. मग पुन्हा आमची, शेवटची. मी यायच्या आधीची त्यांची पाळी अंदाजानं धरली, तर माझ्या हिशेबानं आम्हाला पाच हवे होते. हिशेब चुकलाही असेल. एक शिट्टी. दोन. मग बराच वेळ काही नाही, नुसतं "हुप, हुप" आणि बूट घासल्याचा आवाज. तीन. तुटक शिट्टी, म्हणजे फाऊल. कुणाचा? माझ्या लेकीचा? रुमाल ओला झाला होता. चार. आणि मग आतला गोंगाट असा फुगत गेला की त्यात मला पंचही ऐकू येईना, कुणाचा खो ऐकू येईना. मी दारापाशी गेले, हात दाराला लावला, आणि हात काढून घेतला. आत गेले असते तर काय झालं असतं देव जाणे. मी जमिनीवर बसले.

मग डीमनची मैत्रीण अस्सल गावाकडच्या मराठीत ओरडली, "जिंकलो गं बायांनो!"

मी त्या सायकलींच्या मध्ये बसून हमसून हमसून रडले. एका वयस्क डच गृहस्थांनी सायकल लावता लावता विचारलं, काही मदत हवी का. मी म्हटलं, नको, आम्ही जिंकलो. ते म्हणाले, छान, आणि माझ्याकडे वळून वळून बघत गेले. आत पोरी नाचत असतील, फेटे उडत असतील, आणि माझ्या लेकीचा चेहरा त्या क्षणी कसा दिसत होता हे मी कधीच बघू शकणार नव्हते. पाच वर्षं मी ज्याची वाट बघितली ते भिंतीपलीकडे झालं होतं. मी उठले आणि ती बाहेर यायच्या आत सायकल दामटत घरी आले. कुकर लावला.

ती आली तेव्हा आवाज बसलेला, गुडघा सोललेला. पाचवा नंबर, म्हणजे सहांतला पाचवा. मी अगदी काही माहीत नसल्यासारखं विचारलं, काय झालं? जिंकलो, ती म्हणाली, आणि लहानपणी हसायची तशी हसली. मग जेवायच्या टेबलावर तिनं सगळे चमचे काढले, रांगेत मांडले, एक इकडे, एक तिकडे, आणि शेवटची पाळी सांगायला लागली. वाटीत आमटी निवत होती. ही मी, ती म्हणाली, ही इंग्लंडची, आणि मागून आमची उंच येतेय. "आणि मग एकदम सगळं शांत झालं."

"शांत कसलं?" मी म्हटलं. "छप्पर उडायची वेळ आली होती."

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. नवऱ्यानं मान खाली घालून भात कालवायला घेतला.

"तू आली होतीस," ती म्हणाली.

आत नव्हते आले, मी म्हटलं. सायकल स्टँडपाशी होते. तोंडात रुमाल होता. आता ती उठून खोलीत जाईल, दार आपटेल, आणि जे जिंकून आणलं तेही मी घालवलं, असं मला वाटलं. ती गेली नाही. रांगेतला एक वाकडा झालेला चमचा तिनं सरळ केला.

"गोंगाट होता. पण त्यात तू नव्हतीस," ती म्हणाली. "म्हणून मला मागून येणारी तिची पावलं ऐकू आली. तू बाहेर आहेस हे मला माहीत नव्हतं ते बरं झालं. माहीत असतं तर मी तुझ्या खोची वाट बघत बसून राहिले असते."

मी हो म्हटलं. तिनं आपला चमचा उचलला, उंच पोरीचा त्याच्या जागी ठेवला, आणि पुढं सांगायला लागली. मी शेवटपर्यंत ऐकलं.